‘आमच्याकडे वसाहतच नाही!’ : गोवा, पोर्तुगाल आणि न दिलेला अहवाल

१९ डिसेंबर हा गोवा मुक्ती दिन. आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याबद्दल चार-पाच परिच्छेद असतात. राममनोहर लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा, १९५४-५५ चे सत्याग्रह आणि शेवटी १९६१ ची लष्करी कारवाई. हे सगळे खरे आणि महत्त्वाचेच आहे. पण या लढ्याची एक बाजू आपण शाळेत शिकत नाही आणि शिकवतही नाही. ती लढाई बंदुकीची नव्हती, कागदाची होती. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत ती पाच-सहा वर्षे चालली, आणि प्रश्न एवढाच होता की गोव्याचा अहवाल पोर्तुगालने द्यायचा की नाही.

वाचकांना वाटेल, एका अहवालासाठी एवढा वाद कशाला? पण तोच वाद समजून घेतला तर पश्चिम सहारा आणि चागोस बेटांच्या आजच्या बातम्याही नीट समजतात.

कलम ७३ काय म्हणते?

१९४५ साली संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली तेव्हा जगाचा मोठा भाग गुलामीत होता. सनद लिहिणाऱ्यांत ब्रिटन, फ्रान्ससारखे वसाहतवालेच पुढे होते. त्यामुळे ‘वसाहती ताबडतोब सोडा’ असे काही सनदेत आले नाही. आले ते प्रकरण ११, आणि त्यातले कलम ७३. ज्या प्रदेशातील लोक अजून स्वतःचा कारभार स्वतः करत नाहीत, त्यांचे हित ही राज्य करणाऱ्या देशाकडे दिलेली पवित्र अमानत आहे, असे ते कलम मानते. आणि त्याच्या ‘ई’ या पोटकलमात एक साधे बंधन आहे. त्या प्रदेशातील आर्थिक, सामाजिक आणि शैक्षणिक परिस्थितीची आकडेवारी व माहिती संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे नियमित पाठवायची.

यात ‘राजकीय’ हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. शाळा किती, दवाखाने किती, पीकपाणी कसे, मजुरी किती, हे कळवायचे. किती लोक तुरुंगात आहेत, निवडणूक होते की नाही, हे कळवण्याची सक्ती नाही. वर सुरक्षेच्या आणि घटनात्मक अडचणीची पळवाटही ठेवलेली. म्हणजे कायदा अगदी मवाळ.

१९४६ मध्ये आठ देशांनी आपापल्या प्रदेशांची यादी दिली : ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. यादीत सत्तरहून अधिक प्रदेश होते. त्यात आपल्या भारतातला एक भागही होता. फ्रान्सने पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम या आपल्या वसाहतींचे नाव दिले होते. पुढे बोलणी होऊन १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रान्सने तिथला कारभार भारताकडे सोपवला. गोव्याचे नाव मात्र त्या यादीत नव्हते, कारण पोर्तुगाल तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नव्हता.

नाव बदलले की झालं?

लिस्बनमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. १९३० च्या त्यांच्या ‘वसाहत कायद्या’त वसाहत हा शब्द उघडपणे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे बदलले, भारत स्वतंत्र झाला, इंडोनेशिया स्वतंत्र झाला. तेव्हा १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली राज्यघटना दुरुस्त केली आणि ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ असा शब्द घातला. गोवा, दमण, दीव, अंगोला, मोझांबिक, तिमोर, मकाव हे सगळे एका फटक्यात ‘प्रांत’ झाले. गव्हर्नर लिस्बनहूनच यायचा, हुकूम तिथूनच सुटायचा. बदलली ती फक्त पाटी.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. १९५६ च्या सुरुवातीला महासचिव दाग हॅमरशोल्ड यांनी सर्व नव्या सदस्यांना एक पत्र पाठवले. कलम ७३ मध्ये बसणारे प्रदेश तुमच्या ताब्यात आहेत का, एवढीच विचारणा होती. पोर्तुगालने त्याच वर्षी उत्तर दिले : नाहीत. आमच्याकडे वसाहतच नाही, आहेत ते आमचे प्रांत. आणि घरातल्या खोल्यांचा हिशोब कोणी शेजाऱ्याला देतो का?

हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. पोर्तुगाल म्हणत होता की गोव्यातले लोक आमचे नागरिक आहेत, त्यांचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत बसतात. हे कागदावर खरे होते. पण ज्या देशात सरकारी पक्षाशिवाय दुसऱ्या पक्षाला वावच नाही, तिथल्या संसदेत कोण बसला याला किंमत किती? गोव्यात छापण्यापूर्वी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नपत्रिकासुद्धा. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी १९५४ मध्ये एका मेजवानीत, गोवा म्हणजे पोर्तुगालच असे वक्त्याने म्हणताच, आपला निषेध असल्याचे भर सभेत सांगितले. एवढ्यासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला नेण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण शहीद झाले. नागरिकाला हे मिळत असेल, तर रयतेला वेगळे काय मिळते?

खान्देशच्या वाटेवरची वसाहत

जळगाव-धुळ्याच्या माणसाला गोवा लांब वाटतो. पण पोर्तुगीजांचा एक तुकडा आपल्याला चांगलाच जवळ होता. जळगावहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरत, सुरतेहून वापी, आणि वापीपासून थोडे आत गेले की दादरा आणि नगर हवेली. खान्देशातल्या किती कुटुंबांची माणसे सुरतेच्या लूमवर कामाला आहेत ते सांगायला नको. तिथून हाकेच्या अंतरावर १९५४ पर्यंत पोर्तुगीज झेंडा होता. जुलै १९५४ मध्ये आधी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वातंत्र्यसैनिकांनी घेतले. संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत होते.

संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर जेमतेम आठ दिवसांत, २२ डिसेंबर १९५५ रोजी, पोर्तुगालने याच प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. मागणी अशी की दमणहून दादरा-नगर हवेलीला जाण्याचा आमचा हक्क भारताने अडवला आहे. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून त्या पीठावर बसले ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महंमद करीम छागला. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

या खटल्यात मराठी इतिहासही हजर झाला. पोर्तुगाल म्हणत होता की १७७९ च्या तहाने मराठ्यांनी हा मुलूख आम्हाला दिला. प्रश्न असा पडला की मराठ्यांनी दिले काय होते, मालकी की फक्त महसूल? न्यायालयाने कागद तपासून सांगितले की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे जहागिरीसारखा वसुलीचा हक्क. सार्वभौमत्व दिले नव्हते. मात्र पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारताने तिथला पोर्तुगीज अंमल प्रत्यक्षात मान्य केला होता, असेही न्यायालयाने नोंदवले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान नेण्याचा हक्क होता असे ठरले, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा नाही. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती बेकायदा नव्हती, असेही ठरले. छागला यांनी आपले वेगळे, विरोधी मत नोंदवले. पोर्तुगालला हात हलवत परत जावे लागले.

गंमत बघा. जो देश दुसऱ्याकडून हिशोब घ्यायला आठ दिवसांत जगाच्या कोर्टात गेला, तोच देश स्वतः हिशोब द्यायच्या वेळी ‘हा आमचा घरचा मामला’ म्हणत होता.

१९६० : जगाने व्याख्या ठरवली

१९५९ च्या डिसेंबरात आमसभेने सहा देशांची समिती नेमली. त्यात तीन देश अहवाल देणारे होते आणि तीन न देणारे, म्हणजे वसाहती नसलेले : ब्रिटन, अमेरिका, नेदरलँड्स आणि भारत, मेक्सिको, मोरोक्को. अहवाल द्यायचे बंधन कोणावर, हे ठरवण्याची कसोटी या समितीने तयार केली.

१९६० हे आफ्रिकेचे वर्ष. त्या एका वर्षात सतरा नवे देश संयुक्त राष्ट्रांत आले. डिसेंबरच्या दोन दिवसांत आमसभेने तीन ठराव केले. १४ डिसेंबरचा ठराव १५१४ : वसाहतवाद संपला पाहिजे. ८९ मते बाजूने, विरोधात एकही नाही, ९ तटस्थ. दुसऱ्या दिवशी ठराव १५४१ : सहा देशांच्या समितीची बारा तत्त्वे. त्यांचा मुद्दा सोप्या भाषेत असा की एखादा प्रदेश राज्य करणाऱ्या देशापासून भूगोलाने वेगळा असेल आणि तिथले लोक वंशाने किंवा संस्कृतीने वेगळे असतील, तर त्याचा अहवाल द्यावा लागेल. तुम्ही त्याला प्रांत म्हणा की आणखी काही. विलीनीकरण झाले म्हणायचे असेल तर ते तिथल्या लोकांनी समजून-उमजून, खुल्या मतदानाने स्वीकारलेले असले पाहिजे.

आणि त्याच दिवशी ठराव १५४२. यात थेट पोर्तुगालचे नाव घेऊन नऊ प्रदेशांची यादीच दिली : केप व्हर्दे, गिनी, साओ तोमे व प्रिन्सिप, साओ जोआंव बाप्तिस्ता द अजुदा, अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर आणि ‘गोवा व त्याचे अंकित प्रदेश’. हे सगळे अ-स्वशासित प्रदेश आहेत, त्यांची माहिती देणे पोर्तुगालचे कर्तव्य आहे, ती विनाविलंब द्या, असे जगाने लेखी बजावले. स्पेनही आधी हाच खेळ खेळत होता, पण त्याने माहिती द्यायचे कबूल केले. पोर्तुगालने मात्र मान डोलावली नाही.

आता त्या ठरावाचा परिणाम पाहू. कोणी पोर्तुगालला दंड केला नाही, सैन्य पाठवले नाही. पण एक गोष्ट कायमची बदलली. आतापर्यंत जगापुढे दोनच बाजू होत्या : भारत म्हणतो गोवा आमचा, पोर्तुगाल म्हणतो आमचा. दोन देशांचे जमिनीचे भांडण. १५ डिसेंबर १९६० नंतर तो जगाच्या दप्तरी वसाहतीचा प्रश्न झाला.

एकच तारीख, दोन घटना

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत पोर्तुगालने तक्रार मांडली. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडले स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी हा वसाहतीचा प्रश्न आहे अशी बाजू मांडली आणि १५१४ च्या ठरावाचा आधार घेतला. युद्धबंदी आणि माघारीच्या मसुद्याला सात मते मिळाली, चार विरोधात गेली : सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि नासिर यांचे संयुक्त अरब गणराज्य. सोव्हिएत नकाराधिकारामुळे मसुदा पडला. गांधीजींच्या देशाने बळ वापरले यावर तेव्हा खूप बोलले गेले, आणि तो प्रश्न विचारणे गैर नाही. पण पोर्तुगालने बोलणीची दारे स्वतःच बंद केली होती, हेही तितकेच खरे. ‘हे पोर्तुगालच आहे’ म्हणणाऱ्याशी चर्चा करायची कशावर?

१९ डिसेंबर १९६१. संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. ४५१ वर्षांचा अंमल संपला. आणि नेमक्या याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये आमसभेने ठराव १६९९ मंजूर केला. विषय : पोर्तुगाल सरकारने सनदेच्या ११ व्या प्रकरणाचे व ठराव १५४२ चे पालन न करणे. जो देश माहिती देत नाही, त्याच्या प्रदेशांची माहिती आम्ही दुसरीकडून गोळा करू, असे म्हणत आमसभेने सात जणांची खास समिती नेमली. गोव्यासाठी त्या समितीची गरज उरली नाही. पण अंगोला, मोझांबिक आणि गिनीच्या लोकांना आपले म्हणणे जगापुढे मांडायला वाट मिळाली. त्यांचा लढा आणखी तेरा-चौदा वर्षे चालला. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत हुकूमशाही कोसळली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

अहवालाने इन्साफ मिळतो का?

प्रामाणिक उत्तर : नुसत्या अहवालाने नाही. पॅलेस्टाईनचेच बघा. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने तो प्रदेश ब्रिटनकडे सोपवला तेव्हा अट होती की दरवर्षी अहवाल द्यायचा. ब्रिटनने अहवाल पाठवले, जिनेव्हातल्या कायमस्वरूपी आयोगाने ते तपासले, सवाल-जवाब झाले. तरी १९४८ मध्ये तिथल्या अरबांवर जे गुदरले ते गुदरलेच. कागद सांभाळून ठेवतो, वाचवू शकत नाही.

मग अहवालाचा उपयोग काय? शाळेत दरवर्षी यू-डायसची माहिती भरावी लागते. आम्हा शिक्षकांना ते कंटाळवाणे वाटते. पण ‘मुलींसाठी स्वच्छतागृह : नाही’ असे एकदा त्या रकान्यात लिहिले गेले की ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही. शाळेला स्वच्छतागृह मिळेलच असे नाही, पण प्रश्न दप्तरात जातो. जबरदस्त हुकूमतींना याचीच भीती असते. म्हणून तर त्या अहवाल टाळायच्या वाटा शोधतात.

पोर्तुगालची वाट होती नाव बदलण्याची. ब्रिटनने हिंदी महासागरातील चागोस बेटांबाबत दुसरी वाट धरली : तिथे माणसेच नाहीत म्हणायचे. १९६५ मध्ये ही बेटे मॉरिशसपासून तोडून वेगळी केली, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. तिथे कायमचे रहिवासी आहेत असे मान्य केले तर कलम ७३ चा अहवाल द्यावा लागेल, ही चिंता ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या त्या काळच्या कागदांत आहे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना तात्पुरते मजूर ठरवले, आणि १९७३ पर्यंत दीड-दोन हजार माणसांना बेटांवरून हलवले. ज्या मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या नांदतात, तिथेच त्यातले बरेच जण येऊन पडले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या न्यायालयाने मत दिले की बेटे तोडणे बेकायदा होते. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली, पण दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे ठेवून.

तिसरी वाट स्पेनची : निघून जायचे. पश्चिम सहारा १९६३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आहे. २६ फेब्रुवारी १९७६ रोजी स्पेनने आपली जबाबदारी संपली असे कळवले. मोरोक्कोने बहुतेक प्रदेश ताब्यात घेतला, पण संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो कारभार पाहणारा देश म्हणून नोंदलेला नाही. त्यामुळे पश्चिम सहाराचा अहवाल देणारा आज कोणीच नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २७९७ करून मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला चर्चेचा आधार मानले. तरी त्या यादीतील सतरा प्रदेशांमध्ये त्याचे नाव अजून आहे. हजारो सहरावी कुटुंबे अल्जीरियातील तिंदूफच्या छावण्यांत पन्नास वर्षांपासून आहेत.

इथे आपल्या समाजाने थोडे थांबून विचार करावा. सहरावी मुसलमान आहेत आणि मोरोक्कोही मुस्लिम मुल्क आहे. वर सांगितलेल्या सहा देशांच्या समितीत हाच मोरोक्को वसाहती नसलेल्या देशांच्या बाजूने बसला होता. पॅलेस्टाईनसाठी आपले मन तुटते, ते तुटायलाच हवे. पण सहरावींचे नाव आपल्या घरांत, आपल्या वर्तमानपत्रांत कितीदा येते? जुलूम करणारा परका असेल तर आपण बोलतो आणि आपल्यातलाच असेल तर गप्प बसतो, असे होत असेल तर आपल्या तराजूत खोट आहे. १९६० मध्ये भारताने जी कसोटी घडवायला मदत केली ती याच कारणाने मोठी आहे. ती विचारत नाही की राज्य करणारा गोरा की काळा, ख्रिस्ती की मुसलमान. ती एवढेच विचारते : हे लोक स्वतःचा कारभार स्वतः करतात का? नसतील, तर त्यांचा हिशोब द्या.

उर्दूत आपण जवाबदेही म्हणतो, मराठीत उत्तरदायित्व. दोन्ही शब्दांच्या पोटात एकच गोष्ट आहे : विचारणाऱ्याला जबाब देणे. पुढच्या वेळी घरात १९ डिसेंबरचा विषय निघाला, तर मुलांना लोहिया आणि सत्याग्रहींबरोबर १९५६ चे ते पत्रही सांगा. महासचिवांनी साधा प्रश्न विचारला होता आणि एका सरकारने ‘आमच्याकडे वसाहतच नाही’ असे उत्तर दिले होते. ते उत्तर पाच वर्षे टिकले. आणि मुलांना हेही सांगा की बातमी कोणत्याही देशाची असो, ‘हा आमचा घरचा मामला आहे’ हे वाक्य कानावर आले की घरात राहणाऱ्यांना कोणी विचारले का, ते आधी बघायचे.